राउटर घेण्याआधी घर बघा

“चार अँटेनावाला कितीला पडंल?”

परभणीच्या स्टेशन रोडवरच्या कॉम्प्युटरच्या दुकानांत दिवाळीच्या तोंडावर हा प्रश्न हमखास कानावर येतो. विचारणाऱ्यांत शिक्षक असतात, दुकानाचा हिशेब लॅपटॉपवर आणलेले व्यापारी असतात, आणि पुण्याच्या कंपनीत लागलेल्या पोरांचे आईवडीलही असतात. पोरगा सणाला येणार, आल्यावर चार दिवस इथूनच काम करणार. मागच्या खेपेला “नेट लई हळू चालायलंय” म्हणत तो लवकर परत गेलेला असतो. म्हणून या वेळी घरात ठरलेलं असतं की राउटर चांगला घ्यायचा, भारीतला घ्यायचा.

ही काळजी खरी आहे आणि त्यापायी जाणारा पैसाही घामाचा आहे. म्हणूनच सांगावंसं वाटतं, की ही खरेदी उलट्या टोकाने सुरू होते. डब्यावर १२०० लिहिलंय की १५००, अँटेना चार आहेत की सहा, हे सगळ्यात शेवटी बघायचं. आधी बघायचा तो लॅपटॉप, मग घरात येणारी लाइन, मग भिंती. आणि परभणीत राहायचं तर उन्हाळा आणि वीज. एवढं बघून झाल्यावर बऱ्याच घरांत असं निघतं, की नवा राउटर लागतच नाही. आहे तोच दुसऱ्या भिंतीला लावायचा असतो.

आपल्या गावात घरातलं नेट आलं ते तांब्याच्या तारेतून. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं, तेव्हा आपल्याकडे स्वस्त दरासाठी लोक रात्री उशिरा एसटीडी बूथवर जायचे. पुढे जानेवारी २००५ मध्ये दोन गोष्टी एकाच महिन्यात घडल्या. बीएसएनएलने ‘डेटावन’ या नावाने ब्रॉडबँड सुरू केलं आणि केंद्र सरकारने २.४ गिगाहर्ट्झचा रेडिओपट्टा परवान्यातून मोकळा केला. पहिलीच्या जाहिराती झाल्या. दुसरीकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही, पण आज घरात वायफाय लावताना दिल्लीचा परवाना लागत नाही तो तिच्यामुळे. ऑक्टोबर २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातला ६०५ मेगाहर्ट्झचा मोठा तुकडाही असाच मोकळा झाला, आणि आज दुकानात ‘ड्युअल बँड’ म्हणून जे विकलं जातं त्याला खरा अर्थ आला.

सुरुवातीचं ब्रॉडबँड २५६ केबीपीएसचं. ०२४५२ च्या लँडलाइनवर पांढरा मॉडेम, आणि रात्री दोन ते सकाळी आठ मोफत डाउनलोड देणारा प्लॅन. त्या सहा तासांसाठी गजर लावून उठणारी पोरं आता चाळिशीला टेकली आहेत आणि घरात राउटर कोणता घ्यायचा हे आज त्यांनाच विचारलं जातं. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि घरच्या जोडणीचा विषय काही वर्षं मागे पडला. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर भागत होतं. मार्च २०२० च्या टाळेबंदीने तो पुन्हा पुढे आणला. हिंजवडी आणि खराडीतली पोरं लॅपटॉप पाठीला लावून गावी परतली, शाळा मोबाइलच्या पडद्यावर भरू लागल्या, आणि केबल टीव्हीवाल्यांनी खांबाखांबावरून ओढलेल्या फायबरला एकदम मागणी आली. आज वसमत रोड, जिंतूर रोड, कारेगाव रोड या भागांत घरावर दोन-दोन कंपन्यांच्या फायबरच्या काळ्या तारा लोंबताना दिसतात. लाइन दारात आली. अडचण दाराच्या आतली आहे.

लॅपटॉपच्या पोटात काय आहे

वायफाय म्हणजे दोन रेडिओंचं बोलणं. एक राउटरमध्ये, दुसरा लॅपटॉपमध्ये. दोघांपैकी जो कमजोर, त्याच्या ताकदीवर वेग ठरतो. राउटर कितीही महागाचा आणा, लॅपटॉपमधलं कार्ड जुनं असेल तर ते आपल्याच चालीने चालणार.

या बोलण्याचे नियम आयईईई ही अभियंत्यांची जागतिक संघटना ठरवते. ८०२.११ हा पहिला नियम १९९७ चा आणि त्याचा वेग २ एमबीपीएस. १९९९ मध्ये तो ११ वर गेला, २००३ मध्ये ५४ वर. २००९ मध्ये ‘एन’ आला, २०१३ मध्ये ‘एसी’, आणि २०२१ मध्ये ‘एएक्स’. ही अक्षरं लोकांच्या लक्षात राहीनात म्हणून २०१८ पासून वायफाय ४, ५, ६ अशी सोपी नावं पडली. आता बाजारात ७ सुद्धा आहे. नवा राउटर जुन्या लॅपटॉपशी बोलतो, पण जुन्याच नियमाने बोलतो.

डब्यावरच्या १२०० ची फोड करून बघू, कारण सगळी फसगत इथेच होते. २.४ गिगाहर्ट्झवर ३०० आणि ५ गिगाहर्ट्झवर ८६७, बेरीज ११६७. तिलाच गोल करून १२०० छापलेलं असतं. आपल्या घरांतले आजचे लॅपटॉप एका वेळी या दोनपैकी एकाच पट्ट्यावर असतात, म्हणजे १२०० त्यांच्या वाट्याला कधी येतच नाही. ८६७ मिळायचे तर लॅपटॉपच्या झाकणात दोन अँटेना लागतात. स्वस्तातल्या पुष्कळ लॅपटॉपमध्ये एकच असते, मग आकडा ४३३ वर येतो. आणि शाळेसाठी म्हणून घेतलेला जुना, कमी किमतीचा लॅपटॉप असेल तर त्याला ५ गिगाहर्ट्झ दिसतही नाही. २.४ च्या गर्दीत एका अँटेनावर त्याची मजल ७२ एमबीपीएसपर्यंत. हाही हवेतला आकडा. प्रत्यक्ष हातात त्याच्या निम्म्याच्या आसपास पडतं. अशा लॅपटॉपसाठी पाच हजारांचा राउटर आणला तरी पडद्यावर काहीही बदलत नाही, आणि घरच्यांना वाटतं दुकानदाराने फसवलं.

तपासणं अगदी सोपं आहे. घरातला राउटर ड्युअल बँडचा असेल आणि त्याची दोन नावं येत असतील, एक साधं आणि एक शेवटी ‘५जी’ लावलेलं, तर मोबाइलवर दोन्ही दिसतात का आणि लॅपटॉपवर दोन्ही दिसतात का ते बघायचं. मोबाइलला ‘५जी’ दिसतं आणि शेजारीच ठेवलेल्या लॅपटॉपला दिसत नाही, तर कमी लॅपटॉपमध्ये आहे. (या ‘५जी’चा मोबाइल कंपनीच्या फाइव्ह-जीशी काही संबंध नाही. तो फक्त ५ गिगाहर्ट्झ.) विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क अडॅप्टरचं नाव लिहिलेलं असतं. त्यात एन, एसी की एएक्स आहे तेही बघता येतं.

अशा वेळी राउटर घेऊ नये. यूएसबीत खोचायचा ड्युअल बँड अडॅप्टर साधारण हजाराच्या आसपास मिळतो. लॅपटॉप दुरुस्त करणाऱ्याकडे नेला तर बऱ्याच मॉडेलांत आतलं वायफाय कार्डही बदलून मिळतं. काम अर्ध्या तासाचं असतं. हा सल्ला दुकानदार आपणहून देत नाहीत, विचारावं लागतं.

आणखी एक जागा तपासायची, ती राउटरच्या पाठीमागे. वायर खोचायची जी भोकं असतात, ती १०० एमबीपीएसची आहेत की गिगाबिट? १२०० लिहिलेल्या पुष्कळ स्वस्त राउटरांची ही भोकं १०० चीच असतात. हवेत ८६७ ने बोलणाऱ्या राउटरला मागून लाइनच १०० पेक्षा जास्त घेता येत नाही. घरचा प्लॅन ४० किंवा ६० चा असेल तर फरक पडत नाही. प्लॅन १५० चा घेतलात आणि मागे १०० चं भोक, तर वरच्या ५० चे पैसे दर महिन्याला वाया जातात.

प्लॅनचंही बोलायला हवं. एका चांगल्या व्हिडिओ कॉलला तीन-चार एमबीपीएस पुरतात. घरात एकाची मीटिंग, दुसऱ्याचा ऑनलाइन क्लास आणि टीव्हीवर सिनेमा एकाच वेळी चालू असला तरी ४० च्या प्लॅनमध्ये भागतं. मीटिंग अडखळते तेव्हा वेग कमी पडलेला असतोच असं नाही. बहुतेकदा लाट मध्येच क्षीण झालेली असते, किंवा कुणीतरी त्याच वेळी लग्नाचे सातशे फोटो वर चढवत असतं आणि अपलोडची वाट अडलेली असते.

लाल दिवा

राउटरला दोष देण्याआधी फायबरच्या डबीकडे बघावं. कंपनीचा माणूस जी डबी भिंतीला लावून जातो तिला आपण मॉडेमच म्हणतो. तिच्यावर ‘लॉस’ लिहिलेला एक छोटा दिवा असतो. तो लाल लागला, की बाहेरून प्रकाशच येत नाही. तार तुटली, उंदराने कुरतडली किंवा रस्त्याच्या कामात जेसीबीने ओढली. तेव्हा राउटर शंभर वेळा बंद-चालू केला तरी उपयोग नाही, फोन लावायचा.

फायबरचा हा प्रकार मोठा हुशारीचा आहे. कंपनीच्या खोलीतून निघालेली काचेची एक तार वाटेत बिनविजेच्या फाटणीतून बत्तीस घरांपर्यंत वाटली जाते. घराकडे येणारा प्रकाश एका रंगाचा, घरातून जाणारा दुसऱ्या. दोन्ही डोळ्यांना न दिसणारे. जितके सांधे जास्त आणि जितके वळसे करकचून मारलेले, तितका प्रकाश कमी पोचतो. जोडणी करणाऱ्याकडे तो मोजायचं हातातलं मीटर असतं. त्याला विचारा, “किती येतंय?” उणे २० च्या आसपास आलं तर छान. उणे २७ च्या पलीकडे गेलं तर लाइन तुटत-जुळत राहणार. हा आकडा विचारणाऱ्या गिऱ्हाइकाच्या घरचे सांधे माणूस जरा जपून करतो, हेही खरं.

मग खरी कसोटी. लॅन वायर डबीत किंवा राउटरच्या मागे खोचा, दुसरं टोक लॅपटॉपला. लॅपटॉपला भोक नसेल तर यूएसबीचा जोड मिळतो. वायरवर प्लॅनइतका वेग मिळतोय, तर लाइन निर्दोष आहे आणि पुढची सगळी अडचण हवेतली आहे. वायरवरही वेग मिळत नसेल तर राउटरच्या दुकानात जायचं कारणच नाही.

भिंती, पत्रे आणि कूलर

रेडिओलाट खोलीत सरळ रेषेत जाऊन थांबत नाही. ती भिंतीवर, कपाटावर, आरशावर आपटून परत येते, आणि एकच शब्द लॅपटॉपपर्यंत अनेक वाटांनी, थोडा-थोडा मागेपुढे होऊन पोचतो. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेत जॉन ओसलिव्हन आणि त्यांचे सहकारी हा गोंधळ सोडवायच्या मागे लागले. ओसलिव्हन हे रेडिओ खगोलशास्त्रज्ञ. त्याआधी ते स्फोट होऊन नाहीशा होणाऱ्या छोट्या कृष्णविवरांचे क्षीण संकेत शोधत होते. ते संकेत सापडले नाहीत, पण विस्कटलेल्या लाटेतून मूळ शब्द वेगळा करण्याचं जे गणित त्यांनी हाताळलं होतं, ते इथे कामी आलं. १९९६ मध्ये त्याला अमेरिकेत पेटंट मिळालं आणि पुढच्या वेगवान वायफायमध्ये ते वापरात आलं. आकाशाकडे कान लावणाऱ्या माणसाचं काम आपल्या दिवाणखान्यात चालू आहे, याचं मला फार अप्रूप वाटतं. आपल्या पुणे जिल्ह्यातल्या खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीवर काम करणाऱ्यांना हे गणित ओळखीचंच वाटेल.

पण गणितालाही भिंतीची मर्यादा आहे. २.४ गिगाहर्ट्झची लाट साडेबारा सेंटिमीटर लांबीची, ५ ची साधारण सहा. लांब लाट भिंतीतून जरा बरी पार होते. आखूड लाट वेग जास्त देते, पण लवकर थकते. लाटेची ताकद डेसिबलमध्ये मोजतात: ३ डेसिबल घटले की ताकद निम्मी, १० घटले की दहावा हिस्सा. विटांची आतली एक पातळ भिंत काही डेसिबल खाते. सळया घातलेला स्लॅब त्याच्या कितीतरी पट खातो. आणि मराठवाड्यातली घरं तर आणखी निराळी. जुन्या गावातल्या वाड्यांच्या भिंती दगड-मातीच्या, हात-दीड हात रुंद, वर माळवद. त्या भिंती उन्हाळ्यात घर गार ठेवतात, आणि त्याच भिंतींत ५ गिगाहर्ट्झची लाट जिरून जाते. अशा वाड्यात एक महागडा राउटर घेण्यापेक्षा दोन साधे घ्यावेत, मध्ये वायर ओढावी, आणि दुसऱ्याला ‘अ‍ॅक्सेस पॉइंट’ म्हणून चालवावं. ती सोय बहुतेक राउटरांच्या सेटिंगमध्ये असते. दोन्हींना नाव आणि पासवर्ड एकच द्यावा.

नव्या वस्तीतलं घर म्हणजे खाली हॉल-किचन, वर एक-दोन खोल्या, आणि गच्चीवर पत्र्याची खोली. अभ्यासाला पोरं वर पाठवली जातात, कारण खाली टीव्ही. फायबर मात्र खाली, टीव्हीच्या शोकेसमध्ये. मध्ये एक-दोन स्लॅब, वर लोखंडी पत्रा. पत्र्याला आपटलेली लाट आरपार जातच नाही, परत फिरते. राउटरची अँटेना उभी असते तेव्हा तिची लाट आडवी, चारी दिशांना पसरते; टोकाच्या दिशेने, म्हणजे सरळ वर, सगळ्यात कमी जाते. वर पोचवायचं असेल तर एक अँटेना आडवी करून बघावी. खर्च शून्य. तरी नाही पोचलं तर जिन्यातून वर वायर न्यावी आणि दुसरा राउटर वरच लावावा. ‘रेंज एक्स्टेंडर’ नावाची जी छोटी डबी भिंतीच्या सॉकेटमध्ये बसते ती घेण्याची घाई करू नये. साध्या एक्स्टेंडरमध्ये तोच रेडिओ घेतो आणि तोच देतो, म्हणून वेग साधारण निम्म्यावर येतो. मीटिंगसाठी तो भरवशाचा नाही.

आता कूलर. परभणीच्या घराचं उन्हाळ्यातलं दैवत. पत्र्याचं अंग आणि पोटात पाण्याची टाकी. पत्रा लाट परतवतो, पाणी ती शोषतं. मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये अन्न तापतं तेही २.४५ गिगाहर्ट्झच्या लाटेने आणि मुख्यतः अन्नातल्या पाण्यामुळेच. मार्चअखेरीस कूलर खिडकीशी येतो. फायबरची तारही बहुधा त्याच खिडकीतून आत आलेली असते. मग मे महिन्यात “हिवाळ्यात चांगलं चालायचं, आता काय झालं” असा प्रश्न पडतो. राउटर बिघडलेला नसतो. त्याच्यापुढे कूलर उभा असतो.

उन्हाळ्याचा दुसरा मार थेट यंत्रावर बसतो. घरगुती राउटरांच्या माहितीपत्रकात चालण्याचं तापमान बहुधा शून्य ते चाळीस अंश दिलेलं असतं. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेतला पारा मे महिन्यात चव्वेचाळीसच्या वर जातो, तोही सावलीतला. लाकडी शोकेसमध्ये, सेट-टॉप बॉक्सच्या डोक्यावर ठेवलेल्या राउटरला त्याहून जास्त सोसावं लागतं. दुपारी दोन ते पाच नेट अडकतं आणि रात्री सुरळीत होतं, यामागे पुष्कळदा हेच असतं. राउटर उघड्या भिंतीला, डोक्याच्या उंचीवर, खाली-वर हवा खेळेल असा टांगावा. गच्चीच्या पत्र्याखालच्या माळ्यावर तर कधीच ठेवू नये. उष्णतेने आधी जातो तो राउटर नव्हे, त्याचा अडॅप्टर. आतला कपॅसिटर सुकतो, व्होल्टेज खाली येतं, आणि राउटर आपोआप बंद-चालू होत राहतो. दुरुस्तीची माणसं म्हणूनच पहिल्यांदा दुसरा अडॅप्टर लावून बघतात. आपणही तेच करावं, फक्त व्होल्ट तेच आणि अँपिअर तितकाच किंवा जास्त असावा.

बत्ती गेल्यावर

भारनियमनाची ती वर्षं मराठवाडा विसरलेला नाही. २००५ नंतर गावोगावच्या वाहिन्या अ, ब, क, ड अशा गटांत पडल्या. गळती आणि थकबाकी जास्त, तिथे अंधार जास्त. आता शहरात तशी परिस्थिती नाही, पण वळवाचं वारं सुटलं किंवा डीपीवर झाड पडलं की दिवे जातातच. घरात इन्व्हर्टर असतो, तरी मीटिंग तुटते. कारण वीज जाऊन इन्व्हर्टर पकडेपर्यंतच्या क्षणात राउटर बंद पडतो आणि पुन्हा उभा राहायला एक-दोन मिनिटं घेतो. बहुतेक इन्व्हर्टरांच्या मागे किंवा पुढे एक बटण असतं, एका बाजूला यूपीएस आणि दुसऱ्या बाजूला साधा किंवा इको. ते यूपीएसकडे केलं की हा क्षण आखडतो आणि राउटर सहसा बंद पडत नाही. हे बटण घर बांधल्यापासून कुणी हलवलेलंच नाही, अशी घरं परभणीत पुष्कळ असतील.

इन्व्हर्टर नसेल तर राउटरपुरता मिनी यूपीएस मिळतो, साधारण हजार ते दीड हजारात. राउटर आणि फायबरची डबी दोन्ही बहुधा १२ व्होल्टवर चालतात, पण ९ व्होल्टचे राउटरही आहेत. मागचं लेबल वाचल्याशिवाय पिन खोचू नये. डबी आणि राउटर वेगळे असतील तर दोघांनाही वीज हवी, एकट्या राउटरला देऊन भागत नाही. फायबरच्या वाटेतल्या फाटणीला वीज लागत नाही, म्हणून गल्ली अंधारात असली तरी नेट चालू राहू शकतं. मात्र खांबावरच्या स्विचमधून लॅन वायरने दिलेली जुनी जोडणी असेल तर खांबावरची वीज गेली की नेटही जातं. शिवाय वळवाच्या पावसात कडाडलेल्या विजेचा झटका त्या तांब्याच्या वायरीतून थेट राउटरच्या भोकात येतो. काचेच्या तारेतून तो येत नाही. नवी जोडणी घेताना हा एकच प्रश्न विचारला तरी पुरे: “घरापर्यंत फायबरच देता ना?”

वीज असली तरी हवेतली गर्दी उरतेच. राउटर घरातल्या सगळ्यांशी एकाच हवेत बोलतो, आणि एका वाहिनीवर एका क्षणी एकच बोलू शकतो. रेशनच्या रांगेत एकाचा अंगठा मशीनवर उमटेना की मागची सगळी रांग ताटकळते, तसा घरातला एखादा जुना, हळू मोबाइल सगळ्यांचा वेळ खातो. अशी उपकरणं २.४ वर ठेवावीत आणि कामाचा लॅपटॉप ५ वर. शेजाऱ्यांचं वायफायही याच हवेत असतं. २.४ मध्ये एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या तीनच: १, ६ आणि ११. मोबाइलवरच्या फुकटच्या वायफाय अ‍ॅनालायझर अ‍ॅपमध्ये कोणती मोकळी ते दिसतं. त्याच अ‍ॅपमध्ये लाटेची ताकदही दिसते. लॅपटॉपच्या जागी ती उणे ६७ किंवा त्याहून चांगली असावी, म्हणजे उणे ६०, उणे ५०. उणे ८० असेल तर तिथे मीटिंग होणार नाही.

पासवर्ड मात्र हलक्यात घेऊ नये. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याआधी काही मिनिटं धमकीचा जो ई-मेल गेला, त्याचा माग नवी मुंबईत सानपाड्याच्या एका सदनिकेपर्यंत निघाला. तिथे राहणाऱ्या अमेरिकी गृहस्थाचा त्या ई-मेलशी संबंध नव्हता. त्यांचं वायफाय कुणीतरी परस्पर वापरलं होतं. पण चौकशीला त्यांना सामोरं जावं लागलं. पुढे फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने वायफायच्या सुरक्षेविषयी सूचना काढल्या. राउटरच्या सुरक्षा सेटिंगमध्ये डब्ल्यूपीए-२ तरी असावं, डब्ल्यूपीए-३ असेल तर उत्तम. डब्ल्यूपीएसचं बटण सेटिंगमध्ये बंद करावं. राउटरच्या आतल्या सेटिंगचा ‘अ‍ॅडमिन’ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा. आणि पासवर्ड म्हणून गाडीचा नंबर ठेवू नये. एमएच २२ पासून सुरुवात कोणीही करील.

तर मग काय घ्यावं

एवढं सगळं बघूनही राउटर घ्यायचा ठरला, तर माझं मत स्पष्ट आहे. एका हॉलमध्ये एक लॅपटॉप, ४० ते १०० चा प्लॅन: साधा ड्युअल बँड, वायफाय ५ चा, दीड-दोन हजारांच्या आसपासचा पुरतो. लॅपटॉप नवा असेल, घरात माणसं आणि मोबाइल जास्त असतील किंवा प्लॅन १०० च्या वर असेल, तर वायफाय ६ घ्यावा आणि मागची भोकं गिगाबिट असल्याची खात्री करून घ्यावी. त्याला साधारण तीन हजार पडतात. नुसता २.४ चा एकपट्टी राउटर हजारात मिळतो म्हणून घेऊ नये. वायफाय ७ ला आपल्या घरांत सध्या काही काम नाही. अँटेनांची संख्या बघू नये, कारण किती ताकदीने बोलायचं यावर सरकारची मर्यादा आहे आणि ती दोन अँटेनांच्या राउटरला आणि सहा अँटेनांच्या राउटरला सारखीच लागू आहे. बिल पक्कं घ्यावं, वॉरंटी कार्डावर शिक्का घ्यावा, आणि ‘घरी लावून बघतो, नाही पोचलं तर बदलून द्याल का’ हे पैसे देण्याआधी विचारावं. गावातला ओळखीचा दुकानदार असेल तर तो हे मान्य करतो. ऑनलाइन पाचशे रुपये वाचवण्यापेक्षा ही सोय मोलाची आहे.

लॅपटॉप रोज एकाच टेबलावर ठेवून काम होत असेल, तर सगळ्यात चांगला उपाय वायरीचाच. शंभर मीटरपर्यंत लॅन वायर पूर्ण वेग देते. तिला भिंत अडत नाही, कूलर अडत नाही, शेजाऱ्याचं वायफाय अडत नाही.

आणि ज्यांचं घर या हिवाळ्यात बांधायला निघालं आहे, त्यांना कळकळीची विनंती. स्लॅब भरायच्या आणि भिंती गिलावा करायच्या आधी इलेक्ट्रिशियनला सांगून टीव्हीच्या जागेपासून वरच्या प्रत्येक खोलीपर्यंत एक रिकामा पाइप टाकून घ्या. विजेच्या वायरींसाठी असतो त्याहून वेगळा, फक्त लॅन वायर आणि फायबरसाठी. गच्चीच्या खोलीपर्यंतही न्या. त्याचा खर्च घराच्या खर्चात दिसणारसुद्धा नाही. नंतर भिंत फोडायची म्हटली तर ती कुणीच फोडत नाही.

ज्यांची घरं उभी आहेत, त्यांनी दुकानात जाण्याआधी एक लॅन वायर शोधा, लॅपटॉपला लावा, वेग मोजा आणि कागदावर लिहा. मग वायर काढून त्याच जागी वायफायवर मोजा, मग पोरगा जिथे बसून काम करणार तिथे. तिन्ही आकडे घेऊन दुकानात जा.